हात आखूड, जनावर मोठं: एल्कसाठी बाण कसा निवडावा

देवगडची एक मुलगी लग्नानंतर कोलोरॅडोत स्थायिक झाली आहे. तिने विचारलंय: "ताई, माझी ड्रॉ लेंग्थ २५ इंच आहे, कंपाउंड धनुष्य ५० पाउंडांचं. सप्टेंबरच्या हंगामासाठी मादी एल्कचा परवाना मिळालाय. दुकानातला माणूस म्हणतो, ताकद कमी आहे तर हलके बाण घे, वेग मिळेल, आणि उघडणारं रुंद पातं लाव. नवरा ७० पाउंड ओढतो, तोही तेच वापरतो. मी काय घेऊ? शिवाय मे महिन्यात घरी येतेय, तेव्हा सराव बुडू नये म्हणून काय करू?"

देवगडची म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. इतर वाचणाऱ्यांसाठी एवढंच: एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, ड्रॉ लेंग्थ म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावरचं माप, कंपाउंड म्हणजे कप्प्या लावलेलं धनुष्य, पाउंड म्हणजे ते ओढायला लागणारा जोर, आणि ग्रेन हे बाणाच्या वजनाचं बारीक माप.

आधी थेट उत्तर. हलके बाण घेऊ नकोस आणि उघडणारं पातं, म्हणजे लागल्यावर ज्याच्या धारा बाहेर पडतात ते, तर अजिबात नको. तुझ्या मापाला साधारण ४५० ग्रेनचा बाण, त्याच्या टोकाला दोन धारांचं अरुंद, पक्कं पातं, आणि जनावर २५ यार्डांच्या आत. माझी स्वतःची ड्रॉ लेंग्थ साडेपंचवीस इंच. डेन्व्हरजवळ बरीच वर्षं राहिले, एल्कच्या मागे तिथले डोंगर तुडवले, आणि आता गुहागरला मुलांना निशाणेबाजीची तिरंदाजी शिकवते. दुकानातला सल्ला खोटा नाही, पण तो लांब हातांच्या माणसासाठी आहे.

धनुष्याची ऊर्जा नुसत्या पाउंडांवर ठरत नाही. दोरी बाणाला किती अंतर ढकलत नेते, त्यावरही ती ठरते. ड्रॉ लेंग्थमधून पावणेदोन इंच वजा कर, कारण मोजण्याच्या ठरलेल्या पद्धतीत मुठीच्या पुढे तेवढे इंच धरलेले असतात. मग ब्रेस हाइट वजा कर, म्हणजे धनुष्य न ओढता मूठ आणि दोरी यांच्यात जे अंतर असतं ते. ब्रेस हाइट साडेसहा इंच असेल तर तुझ्या वाट्याला ढकलण्याचे १६.७५ इंच येतात. ३० इंच ओढणाऱ्याला त्याच धनुष्यात २१.७५ इंच मिळतात. वजन तेच, पण जवळजवळ पाव भाग ढकल गेली. धनुष्याच्या खोक्यावर छापलेला वेग ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा बाण धरून मोजलेला असतो. ड्रॉ एका इंचाने कमी झाली की सेकंदाला दहाएक फूट वेग जातो. तुझे पाच इंच कमी आहेत, म्हणजे तो आकडा तुझ्यासाठी नाहीच.

आता तुझ्या धनुष्यातून दोन बाण सोडून पाहू. छापील वेग ३३० फूट असलेलं धनुष्य धरून मी हा अंदाज काढलाय, तुझे खरे आकडे दुकानातल्या क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजण्याच्या यंत्रावर, मोजून घे. ३०० ग्रेनचा हलका बाण सेकंदाला सुमारे २५८ फुटांनी सुटेल. ४५० ग्रेनचा सुमारे २१४ फुटांनी. बाणाचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, की फूट-पाउंडांत ऊर्जा मिळते. हलक्याची ४४ आणि जडाची ४६ येते, म्हणजे जवळपास सारखीच. जड बाण धनुष्यातली ऊर्जा थोडी जास्त उचलतो एवढंच. पण संवेग काढलास, म्हणजे वजन गुणिले वेग भागिले २,२५,४००, तर हलक्याचा ०.३४ आणि जडाचा ०.४३ भरतो. पाव पट जास्त. बाण मांसात शिरल्यावर त्याला मागून कुणी ढकलत नाही, जवळ आहे त्यावरच पुढे जायचं असतं. वल्ही थांबवली की रिकामी होडी तिथेच अडते आणि भरलेली आपल्या वजनाने पुढे सरकत राहते, तसं हे आहे.

बाण बनवणाऱ्या कंपन्यांचे जे तक्ते चालतात त्यांत एल्क, काळं अस्वल, रानडुक्कर यांच्यासाठी ४२ ते ६५ फूट-पाउंड दिलेले असतात. तू त्या पट्ट्याच्या खालच्या काठावर आहेस. मादी एल्क सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते, आपल्याकडच्या सांबराच्या अंगाची. उंच माणसाचं ७० पाउंडांचं धनुष्य सहज ७० फूट-पाउंडांच्या पुढे जातं. त्यातली थोडी ऊर्जा वाया गेली तरी त्याचं भागतं. तुझ्याकडे वाया घालवायला काही नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

जड बाणाची किंमतही सांगायला हवी, नाहीतर मी तुला अर्धंच सांगितलं असं होईल. तो लवकर खाली येतो. ३० यार्डांवर निशाण जुळवलं आणि जनावर प्रत्यक्षात ३५ वर उभं असेल, तर हवेचा रोध सोडून हिशेब केला तरी जड बाण पावणेसात इंच खाली लागेल आणि हलका साधारण साडेचार इंच. पाच यार्डांच्या चुकीला दोन-सव्वादोन इंचांचा फरक. हा फरक रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, भरून काढतो. बसण्याची जागा ठरली की आधी आजूबाजूची झाडं आणि खडक मोजून ठेवायचे. अंतर मोजता येतं, पण बाण आत किती जाईल ते त्या क्षणी तुझ्या हातात उरत नाही. म्हणून वेगाऐवजी वजन निवड, असं मी सांगते.

मग आणखी जड का नको? डॉ. एड ॲशबी यांचं नाव तू ऐकलं असशील. दक्षिण आफ्रिकेत नातालला त्यांनी बाण किती खोल जातो याचा अभ्यास सुरू केला, आणि जाड हाड फोडायचं तर ६५० ग्रेनच्या वर जावं हा त्यांचा आकडा सगळीकडे पसरला. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. बाण न मोडता टिकला पाहिजे, तो सरळ उडाला पाहिजे आणि वजन पुढच्या टोकाकडे असलं पाहिजे, या त्यांच्या तीन गोष्टी तू जशाच्या तशा घे. पण तुझ्या धनुष्यातून ६५० ग्रेनचा बाण सेकंदाला १८० फुटांच्या आसपास सुटेल. पहिल्या हंगामात एवढा मोठा बाक घेत खाली येणारा बाण हातात नको. ४२५ ते ४७५ ही तुझी जागा.

आता आखूड हातांचा फायदा, जो दुकानात कुणी सांगत नाही.

शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या दांड्यावर, ३४०, ४००, ५०० असे आकडे असतात. त्याला स्पाइन म्हणतात. शाफ्ट २८ इंचांच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं, ०.५०० इंच वाकला तर तो ५००. आकडा मोठा म्हणजे शाफ्ट मऊ. पण हे झालं टेबलावरचं वाकणं. धनुष्यातून सुटताना तोच शाफ्ट जितका आखूड असेल तितका ताठ वागतो, आणि टोकाला वजन वाढवलं की मऊ वागतो. ३० इंच ओढणाऱ्याने टोकाला २०० ग्रेन लावले तर त्याचा लांब शाफ्ट लवलवायला लागतो. मग तो अधिक ताठ, अधिक जड शाफ्ट घेतो आणि ते वजन बाणाच्या सगळ्या लांबीभर पसरतं. तुझा २६ इंचांचा शाफ्ट मुळात ताठ आहे. तो टोकाचं वजन बिनतक्रार पेलतो. म्हणजे इतरांना धडपडून जे मिळवावं लागतं, वजन पुढे आणि शाफ्ट हलका, ते तुला आयतं मिळतं.

हिशेब असा मांड. शाफ्ट ५०० स्पाइनचा, इंचाला साडेआठ ग्रेन, २६ इंच कापलेला: २२१ ग्रेन. शाफ्टच्या तोंडात पातं बसवायचं पितळी इन्सर्ट ५०. पातं १५०. तीन व्हेन, म्हणजे शेपटाची पिसं, मिळून २०, आणि दोरीत अडकणारा नॉक ९. झाले ४५०. हा बाण बोटावर तोलून पाहिलास तर नॉकच्या खाचेपासून साधारण १८.२ इंचांवर तोल सापडेल. लांबीचा मध्य १३ वर. फरक ५.२, त्याला २६ ने भाग, २० टक्के आले. याला एफओसी म्हणतात. बाजारातले तयार बाण बहुधा १० ते १५ टक्क्यांत असतात. पुढचं वजन बाणाला ओढत नेतं आणि शेपूट सरळ राहते, आणि आत शिरतानाही तो वाकडा कमी होतो. कागदावरच्या चाचणीत (ती पुढे सांगते) ५०० मऊ पडतोय असं दिसलं तर ४०० घे, पण सुरुवात ५०० पासून कर. शाफ्ट शक्यतो बारीक घे. तो पात्याच्या मानेपेक्षा जाड असला की जखमेच्या कडांना घासत जातो आणि तिथेच वेग मरतो. कार्बन शाफ्टच्या पुढच्या तोंडावर ॲल्युमिनियमची छोटी कॉलर बसव, हाडावर आपटल्यावर तोंड चिरत नाही.

वजन मात्र प्रत्येक बाणाचं कर. इथे माझी मुलं बाजारपेठेतल्या सोनाराकडे जातात, त्याच्या काट्यावर मिलिग्रॅम दिसतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, त्यामुळे ४५० ग्रेन म्हणजे २९.१६ ग्रॅम. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे तुझा बाण अडीच तोळ्यांचा झाला. एका संचातल्या बाणांत ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नसावा.

लांबीबद्दल एक सावधगिरी. ड्रॉ २५ आहे म्हणून काही जण शाफ्ट २४ लाही कापून देतात, म्हणजे वेग वाढतो. शिकारीच्या बाणाला हे चालत नाही. पूर्ण ओढल्यावर पात्याची धार मुठीच्या आणि बोटांच्या पुढेच राहिली पाहिजे, आणि बाण रेस्टवरून, म्हणजे तो टेकतो त्या आधारावरून, मागे घसरायला नको. २६ च्या खाली जाऊ नकोस. उलट बाजूने, "अर्धा इंच वाढव, पाच फूट वेग मिळेल" म्हणत ड्रॉ लेंग्थ ताणणारे भेटतील. दोरी हाताला झोडपते, गालाजवळचा टेकू रोज बदलतो आणि निशाण जातं. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत मोज आणि अडीचने भाग. त्या उत्तराच्या जवळच राहा.

पात्याचं आता. उघडणारं पातं आत शिरताना स्वतःला उघडायला ऊर्जा घेतं, आणि दोन इंच रुंद कापायला आणखी घेतं. ज्याच्याकडे ७५ फूट-पाउंड आहेत त्याने ती खर्चावी. तुला एक इंच ते सव्वा इंच रुंदीचं, दोन धारांचं, टोकापासूनच कापत जाणारं पातं हवं. रुंदीच्या मानाने लांब असलं तर उत्तम, उतार मंद असला की कापायला जोर कमी लागतो. एकाच बाजूने घासलेली धार, ज्याला सिंगल बेव्हल म्हणतात, ती आत शिरताना थोडी फिरते. तशी घेतलीस तर उजवी धार आणि व्हेनचा पीळही उजवा, हे जुळव, नाहीतर दोन्ही एकमेकांविरुद्ध फिरवतात. कोलोरॅडोच्या नियमांत एल्कसाठी धनुष्य किमान ३५ पाउंडांचं आणि पातं किमान ⅞ इंच रुंद, पोलादाच्या निदान दोन धारांचं लागतं, तू दोन्हींत बसतेस. तरी त्या वर्षीची नियमपुस्तिका स्वतः वाच.

पाकिटातून काढलेल्या पात्याच्या धारेवर विसंबू नकोस. बारीक दगडावर घासून मग जुन्या चामडी पट्ट्यावर ओढ, आणि हातावरचे केस न ओढता उतरले तरच ते भात्यात जाऊ दे. नखावर अलगद टेकवून बघ: घसरलं तर बोथट, अडलं तर ठीक. सरावाला वापरलेलं पातं शिकारीला न्यायचं नाही, वेगळं ठेवायचं. आपल्या हवेत पोलाद रात्रीत गंजतं, त्यामुळे मी पात्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात देऊन ठेवते. तिकडची हवा कोरडी आहे, पण सकाळचं दव तिकडेही असतं.

आणि यातली सगळ्यात मोठी गोष्ट: बाण सरळ उडणं. तुझ्याएवढ्या ऊर्जेत याच्यापुढे ग्रेन आणि टक्के दुय्यम आहेत. शेपूट एका बाजूला गेलेला बाण लागला की पुढचं वजन एका दिशेने जातं, मागचं दुसऱ्या दिशेने, आणि तुझे ४६ फूट-पाउंड शाफ्ट वाकवण्यात खर्च होतात. आधी पातं बसवून बाण नखांच्या बेचक्यात उभा धर आणि फुंकर मारून फिरव. टोक थरथरलं तर इन्सर्ट वाकडं बसलंय. ते पातं दुसऱ्या शाफ्टला लावून बघ. मग लाकडी चौकटीत वर्तमानपत्र ताण आणि सहा फुटांवरून बाण सोड. गोल भोक आणि त्याभोवती पिसांच्या तीन चिरा एवढंच दिसायला हवं. लांब फाटलं तर रेस्ट केसाएवढी सरकव, पुन्हा सोड. त्यानंतर खरी परीक्षा: २० यार्डांवर एक फील्ड पॉइंटचा, म्हणजे सरावाच्या साध्या टोकाचा बाण आणि एक पात्याचा. पात्याचा डावीकडे जात असेल तर रेस्ट किंचित उजवीकडे, खाली जात असेल तर रेस्ट किंचित वर. दोन्ही एका मुठीत येईपर्यंत हे चालू ठेव, मग ३० यार्डांवर तेच. याला संध्याकाळमागून संध्याकाळ जाते. जाऊ दे. ३० यार्डांवर दोन्ही एकत्र पडले नाहीत, तर तो बाण घेऊन डोंगर चढायचा नाही.

जनावर समोर आलं की दोनच कोन: पूर्ण आडवं, किंवा थोडं पाठमोरं तिरपं. समोरून नाही, मागून नाही, मानेत नाही. खांद्याचं हाड तुझ्या बाणाने फुटेल असं धरून चालू नकोस. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, बरगड्यांतून दोन्ही फुप्फुसं. २५ यार्ड म्हटलं ते यासाठी. ३५ वर उभी असेल तर तिला जाऊ देणं हेही त्या परवान्यातच येतं. बाण लागल्यावर अर्धा-पाऊण तास जागेवरून हलू नकोस. मागे धावलीस की जखमी जनावर दूर जाऊन मरतं, आणि एवढ्या मोठ्या जिवाशी असं वागायचा हक्क आपल्याला नाही.

मे महिन्यातला सराव. विमानात धनुष्य आणि बाण सामानात टाकायचे, हातात नाही, आणि पाती तिकडेच ठेवून ये. इथे त्यांचं काही काम नाही. मामा म्हणतील, कलमांत डुकरं शिरतात, एखाद्यावर हात साफ कर. साफ नाही म्हण. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ पासून आहे, आणि रानडुक्कर असो, भेकर असो की गवा, धनुष्य हातात आहे म्हणून कुणी मारायचा नसतो. बागेची नासाडी झाली तर वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा आणि भरपाई, हा मार्ग आहे. आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली, ती साताऱ्याची. आपल्या मातीत धनुष्य निशाणावर रोखायचं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

निशाण म्हणून तांदळाच्या दोन-तीन गोण्या जुन्या साड्या आणि चिंध्यांनी ठासून भर, तोंड शिव. पेंढ्याची उडवी मऊ पडते, बाण पार निघून जातो. मागे मातीचा बांध असू दे, जांभ्याचा गडगा नको. चिऱ्यावर आपटलेला कार्बन वरून धड दिसतो आणि आत तडकलेला असतो, तसा बाण सुटताना फुटून हातात घुसतो. म्हणून प्रत्येक बाण सोडण्याआधी दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकव, फिरव, कानाशी धर. करकरला तर तिथेच मोडून टाक. उन्हात गाडीत बाण ठेवू नकोस, गरम करून लावायच्या गोंदाची इन्सर्टं सैल होतात. आणि तेच १५० ग्रेनचे फील्ड पॉइंट बरोबर आण. हलके लावून महिनाभर सराव केलास तर शाफ्ट वेगळा वागेल, निशाण वेगळं बसेल, आणि ऑगस्टमध्ये रेस्ट पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागेल.